जुनं आहे म्हणून सूट?

रेल्वेच्या डब्याच्या दारांना गार्डच्या हातातलं मध्यवर्ती कुलूप असावं की नसावं, या वादावरून ब्रिटनमधली एक कंपनी थेट हायकोर्टात गेली आणि डिसेंबर २०२३मध्ये हरली. कंपनीचं नाव वेस्ट कोस्ट रेल्वेज. वाफेच्या इंजिनाच्या पर्यटन गाड्या चालवणं हा तिचा धंदा. स्कॉटलंडमधली फोर्ट विल्यम ते मॅलेग ही तिची ‘जेकोबाइट’ गाडी हॅरी पॉटरच्या सिनेमांमुळे जगाला माहीत झाली. ग्लेनफिननच्या कमानींच्या पुलावरून धूर सोडत वळण घेणारं ते इंजिन तुम्हीही कधीतरी मोबाइलवर पाहिलं असेल.

कंपनीची मागणी अशी होती की, आमच्या जुन्या डब्यांना नियमातून मिळत आलेली सूट पुढेही चालू ठेवा. दारांवर लक्ष ठेवायला आमची माणसं असतात, वेगळ्या कड्या आहेत, तेवढं पुरे आहे. कुलूप बसवायचा खर्च कंपनीने सुमारे ७० लाख पौंड सांगितला. न्यायालयाने रेल्वे नियामकाची बाजू उचलून धरली. तेव्हापासून वाफेच्या चाहत्यांमध्ये एक सूर सतत ऐकू येतो, की कागद नाचवणारे बाबू वारसा मारायला निघालेत.

हा सूर मला मान्य नाही. वाफेच्या इंजिनाचं मलाही वेड आहे. मुख्य मार्गावरून सुटून एखाद्या जुन्या, माणसांनी जपलेल्या रेल्वेवर जाणाऱ्या या सहलीच्या गाड्या टिकाव्यात, वाढाव्यात, असंच मला वाटतं. आणि म्हणूनच माझं म्हणणं आहे की त्यांनी सूट मागणं बंद करावं. सूट मागून हा वारसा वाचणार नाही. एखाद्या संध्याकाळी एक अपघात होईल आणि तो कायमचा बंद पडेल.

दोन रूळ, दोन वेग

आधी हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. ब्रिटनमध्ये रेल्वेचे दोन संसार आहेत. एक रोजचा. तो नेटवर्क रेलच्या मालकीच्या रुळांवर चालतो. त्यावर ऑफिसला जाणारी माणसं, मालगाड्या, ताशी शंभर मैलांच्या वरचा वेग. दुसरा संसार वारसा रेल्वेंचा. तोट्यातले मार्ग बंद करण्याचा सपाटा तिथे पन्नास-साठच्या दशकांत लागला. १९६३च्या बीचिंग अहवालाने तर हजारो मैलांचे मार्ग मोडीत काढायची शिफारस केली. तेव्हा गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून, सुट्टीच्या दिवशी फावडी हातात घेऊन काही मार्ग वाचवले. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१मध्ये स्वयंसेवकांनी हाती घेतली. ससेक्समधली ब्लूबेल रेल्वे १९६०मध्ये सुरू झाली.

यातले बरेच मार्ग आजही मुख्य मार्गाला जोडलेले आहेत. सेव्हर्न व्हॅली रेल्वे किडरमिन्स्टरला, कीथली अँड वर्थ व्हॅली कीथलीला, वेस्ट सॉमरसेट टाँटनजवळ, नॉर्थ यॉर्कशायर मूर्स ग्रोसमाँटला. दोन्हीकडच्या रुळांची रुंदी तीच, ४ फूट साडेआठ इंच. त्यामुळे मोठ्या शहरातून सकाळी निघालेली सहलीची गाडी दुपारी सांधा ओलांडून थेट वारसा रेल्वेच्या फलाटावर लागू शकते. प्रवाशाला डबा बदलावा लागत नाही. या सहलींची खरी गंमत तीच आहे.

ही जोडणी कोणी फुकट दिलेली नाही. ब्लूबेलचं उदाहरण घ्या. ईस्ट ग्रिनस्टेडला मुख्य मार्गापर्यंत पोचायचं, तर मधल्या इम्बरहॉर्नच्या खोदाईत घराघरांतला कचरा भरलेला होता. रेल्वे बंद झाल्यावर तिथे कचऱ्याचा डेपोच केला होता. तो उपसायला लोकांनी पैसे जमवले, कचरा रेल्वेनेच वाहून नेला आणि मार्च २०१३मध्ये रूळ जोडले गेले. स्वानेजचं उदाहरण घ्या. तिथली शाखा जानेवारी १९७२मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी तिचे रूळ उखडून नेले. ते एकेक मैल पुन्हा टाकत, तीस वर्षं खपून, २००२मध्ये मुख्य मार्गाशी पुन्हा जोडणी झाली. एका पिढीने सुरू केलेलं काम पुढच्या पिढीने पुरं केलं. माझ्या लेखी वारसा तो हाच.

आता मुद्द्याचा भाग. वारसा रेल्वेवर गाडीचा वेग साधारणपणे ताशी २५ मैलांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे सुमारे ४० किलोमीटर. मुख्य मार्गावर मोठ्या वाफेच्या इंजिनाला ताशी ७५ मैलांपर्यंत, म्हणजे १२० किलोमीटरपर्यंत मुभा असते. वेग तिप्पट झाला की धडकेतली ऊर्जा तिप्पट होत नाही, नऊपट होते. शाळेच्या विज्ञानातलं हे साधं गणित आहे. शिवाय मुख्य मार्गावर ही गाडी एकटी नसते. तिच्या मागे-पुढे, शेजारच्या रुळावर, रोजच्या गाड्या धावत असतात. त्यांतल्या प्रवाशांनी सहलीचं तिकीट काढलेलं नसतं. जुन्या काळाची हौसही त्यांना नसते. ते घरी निघालेले असतात.

म्हणून वारसा रेल्वेला जी मोकळीक मिळते ती तिच्या वयामुळे मिळत नाही. तिथला वेग कमी आणि धोका आटोक्यातला, म्हणून ती मिळते. तोच डबा सांधा ओलांडून मुख्य मार्गावर आला की मोकळिकीचं कारणच संपतं. ‘आमच्या शाखेवर हेच डबे वर्षानुवर्षं चालतात, तिथे काही होत नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. गल्लीत हळू चालवलेली स्कूटर आणि हायवेवर पळवलेली स्कूटर यांना आपण एकच नियम लावत नाही.

वूटन बॅसेटची संध्याकाळ

‘पण आजवर कोणी मेलं का?’ हा प्रश्न चाहते हमखास विचारतात. त्याचं उत्तर ७ मार्च २०१५ला मिळालं.

त्या संध्याकाळी ब्रिस्टलहून साउथएंडकडे वाफेची एक सहलीची गाडी निघाली होती. इंजिन ‘टँगमेअर’, कंपनी वेस्ट कोस्ट रेल्वेज. विल्टशायरमधल्या वूटन बॅसेट जंक्शनपाशी ती लाल सिग्नल ओलांडून पुढे गेली आणि जंक्शनच्या सांध्यांवर आडवी उभी राहिली. एका मिनिटापेक्षाही कमी वेळापूर्वी तिथून स्वान्सीहून लंडनच्या पॅडिंग्टनला जाणारी वेगवान प्रवासी गाडी गेली होती.

हे कसं घडलं, तेही नीट पाहा. ब्रिटनच्या रुळांवर सिग्नलच्या आणि वेगमर्यादेच्या आधी इंजिनात एक इशारा वाजतो. ड्रायव्हरने तो काही सेकंदांत बटण दाबून मान्य केला नाही, तर ब्रेक आपोआप लागतात. त्या दिवशी तात्पुरत्या वेगमर्यादेचा इशारा वाजला, तो वेळेत मान्य झाला नाही आणि ब्रेक लागायला सुरुवात झाली. नियमाप्रमाणे गाडी थांबू द्यायची आणि सिग्नलवाल्याशी बोलायचं. इंजिनातल्या माणसांनी ती सुरक्षा यंत्रणाच बंद केली, म्हणजे थांबावं लागू नये. लाल सिग्नलपाशी गाडीला जबरदस्तीने थांबवणारी दुसरी यंत्रणाही त्याच कडीने बंद पडली. पुढचा सावधगिरीचा सिग्नल ध्यानात आला नाही. लाल दिवा दिसला तेव्हा उशीर झाला होता.

नियामकाने त्या कंपनीच्या गाड्या काही काळ मुख्य मार्गावर बंद केल्या. जून २०१६मध्ये स्विंडनच्या न्यायालयाने कंपनीला २ लाख पौंड दंड ठोठावला आणि ड्रायव्हरला चार महिन्यांची स्थगित शिक्षा सुनावली.

या घटनेत इंजिन जुनं होतं म्हणून काही बिघडलं नाही. इंजिनावर आधुनिक यंत्रणा बसवलेली होती, ती चालतही होती. बिघडली ती वृत्ती. आपली गाडी वेगळी आहे, आपल्याला थोडं चालतं, ही ती वृत्ती. सूट मागणाऱ्या अर्जात आणि सुरक्षा यंत्रणेची कडी फिरवणाऱ्या हातात मला एकच भावना दिसते.

वारसा रेल्वेच्या बाजूचंही एक उदाहरण सांगतो, म्हणजे मी फक्त मुख्य मार्गाला धरून बोलतोय असं वाटू नये. २९ सप्टेंबर २०२३ला स्कॉटलंडच्या स्ट्रॅथस्पे रेल्वेवर, अ‍ॅव्हीमोर स्थानकात, ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे जगातलं बहुधा सगळ्यांत प्रसिद्ध इंजिन ‘रॉयल स्कॉट्समन’ या ऐषारामी गाडीच्या डब्यांना जोडताना त्यांच्यावर आदळलं. ती गाडी मुख्य मार्गावरून या जुन्या शाखेवर सहलीला येणारी गाडी आहे. वेग कमी होता म्हणून निभावलं, तरी माणसं जखमी झाली आणि काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. हीच टक्कर ७५ मैलांच्या वेगाने झाली असती, तर आज आपण वारशावर चर्चा करत बसलो नसतो.

त्या दारांचं काय?

ज्या डब्यांवरून कोर्टबाजी झाली ते ‘मार्क वन’ जातीचे डबे. १९५१पासून ते बांधले गेले. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर वेगळी बसवलेली पेटी. दार बिजागरीवर बाहेर उघडणारं. उतरायचं असेल तर खिडकीची काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची कडी फिरवायची. गाडी उभी आहे की धावते आहे, याचा त्या कडीशी काही संबंध नाही. कोणी चालत्या गाडीत फिरवली तरी दार उघडतं.

डिसेंबर १९८८मध्ये लंडनजवळ क्लॅपहॅमला गाड्यांची टक्कर होऊन ३५ माणसं मेली. कारण सिग्नलच्या वायरिंगमधलं होतं, पण असे जुने डबे धडकेत कसे चेमटतात हेही तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. १९९९मध्ये नियम आले. मुख्य मार्गावरून मार्क वन डबे आणि मध्यवर्ती कुलूप नसलेली बिजागरीची दारं काढून टाकायची, असं ठरलं. रोजच्या गाड्यांनी ते केलं. सहलीच्या गाड्यांना मात्र सवलत मिळत राहिली. ती ३१ मार्च २०२३ला संपली. नियम होऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. चोवीस वर्षांत मूल जन्मून, शिकून, नोकरीला लागतं. एवढ्या काळात डब्याला कुलूप लावणं जमलं नाही, याला घाईचं सरकार जबाबदार कसं?

दाराच्या खिडकीचा धोका काल्पनिक नाही. ऑगस्ट २०१६मध्ये लंडनमधल्या बॅलहॅमजवळ दाराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलेला एक प्रवासी रुळाकाठच्या सिग्नलच्या सांगाड्यावर आपटून गेला. डिसेंबर २०१८मध्ये बाथजवळ ट्वर्टनला झाडाच्या फांदीने एका तरुणीचा जीव घेतला. दोन्ही गाड्या वाफेच्या नव्हत्या, रोजच्या होत्या. पण वाफेच्या गाडीत खिडकीतून डोकावण्याचा मोह किती जास्त असतो, हे कोणाला सांगायला हवं? इंजिन दिसावं, धूर दिसावा, पुलाचं वळण टिपावं, यासाठीच तर लोक तिकीट काढतात.

आता ‘दाराशी माणूस उभा असतो’ या युक्तिवादाकडे येऊ. जुलै २०२३मध्ये नियामकाने न कळवता तपासणी केली, तेव्हा जेकोबाइटच्या दारांबाबत त्रुटी आढळल्या आणि ती गाडी काही दिवस बंद ठेवावी लागली. माणूस थकतो, गर्दीत अडकतो, कोणी फोटो काढायला सांगितलं की पाठ फिरवतो. त्याच्यावर सगळा भार टाकायचा आणि उद्या काही झालं की त्यालाच दोषी ठरवायचं, हा वारसा जपण्याचा मार्ग नव्हे. त्या दाराशी उभा राहणारा बहुतेक वेळा कमी पगाराचा किंवा हौसेने आलेला माणूस असतो. कुलूप त्याचंही संरक्षण करतं.

नियामक वाफेचा वैरी आहे, हेही खोटं आहे. २०२४मध्ये कंपनीने कुलपं बसवण्याची तयारी दाखवल्यावर त्या हंगामापुरती तात्पुरती सूट नियामकानेच दिली. याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपन्यांनी, लोकोमोटिव्ह सर्व्हिसेस आणि बर्मिंगहॅमच्या व्हिंटेज ट्रेन्सनी, आपल्या डब्यांना मध्यवर्ती कुलूप बसवलं आणि त्यांच्या वाफेच्या गाड्या चालत राहिल्या. त्यातली व्हिंटेज ट्रेन्स तर लोकांच्या भागभांडवलावर उभी राहिलेली संस्था आहे. तिला जमतं, मग दर उन्हाळ्यात भरून जाणाऱ्या गाडीच्या मालकाला का जमू नये?

अस्सलपणाचा बाऊ

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. कुलूप बसवलं की डबा जुना राहत नाही, म्हणे.

मुख्य मार्गावर आज धावणाऱ्या प्रत्येक वाफेच्या इंजिनावर इशारा देणारी यंत्रणा आहे, लाल सिग्नलला थांबवणारी यंत्रणा आहे, प्रवासाची नोंद ठेवणारं यंत्र आहे, रेडिओ आहे. १९३०च्या दशकात यातलं बरंच काही नव्हतं. त्याने इंजिनाची शिट्टी बदलली नाही. ‘टॉर्नेडो’ हे इंजिन पाहा. जुन्या नकाशावरून लोकांच्या देणग्यांतून डार्लिंग्टनला बांधून २००८मध्ये पुरं झालेलं हे पूर्ण नवं इंजिन. त्याचा बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगेनला बनला. तो वेल्डिंगचा आहे, रिव्हेटचा नाही. म्हणून ते खोटं ठरलं का? एप्रिल २०१७मध्ये त्याने चाचणीत ताशी १०० मैल गाठले, तेव्हा कुठल्या चाहत्याने ‘हा बॉयलर अस्सल नाही’ म्हणून तोंड फिरवलं नाही.

त्याच टॉर्नेडोवर आता युरोपीय पद्धतीची नवी सिग्नल यंत्रणा बसवण्याचं काम हाती घेतलं गेलं. कारण ईस्ट कोस्ट मार्गाच्या दक्षिण भागात रुळाकाठचे सिग्नल काढून त्यांची माहिती थेट ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर दाखवण्याची योजना राबवली जात आहे. ज्या इंजिनात तो पडदा नाही, त्याला त्या रुळावर जागा नाही. दाराच्या कुलपावरून भांडण्यात वर्षं घालवणाऱ्यांनी याचा विचार केलाय का? कुलूप हा छोटा धडा आहे. पुढचा धडा याहून महाग आणि कठीण आहे. जे आज सूट मागतात ते उद्या सांध्याच्या अलीकडेच अडकतील आणि २५ मैलांच्या वेगाने आपल्याच शाखेवर फेऱ्या मारत बसतील.

अस्सलपणाचा आग्रह सोयीने धरला जातो, हेही लक्षात घ्या. वाफेचा काळ जसाच्या तसा हवा असेल, तर फायरमनच्या छातीत जाणारी कोळशाची पूडही हवी, रात्रपाळ्याही हव्यात आणि त्या काळातले अपघातही हवेत. ते कोणालाच नको असतं. हवी असते फक्त उघडी खिडकी आणि फोटो.

मुख्य मार्गावर आपण पाहुणे आहोत

ब्रिटिश रेल्वेने ११ ऑगस्ट १९६८ला वाफेची शेवटची सहलगाडी चालवली आणि त्यानंतर मुख्य मार्गावर वाफेला जवळपास पूर्ण बंदी घातली. तीन वर्षं ती टिकली. ऑक्टोबर १९७१मध्ये ‘किंग जॉर्ज पाचवा’ हे इंजिन प्रयोग म्हणून पुन्हा मुख्य मार्गावर आलं, सगळं नीट पार पडलं आणि हळूहळू दार उघडलं. आजच्या सगळ्या सहली त्या विश्वासावर उभ्या आहेत. कोणत्याही कायद्याने वाफेला मुख्य मार्गावर धावायचा जन्मसिद्ध हक्क दिलेला नाही. जी परवानगी मिळाली ती काढूनही घेता येते. मार्च २०१५ला ती एका मिनिटाच्या अंतरावर होती.

चाहत्यांचाही यात वाटा आहे. फेब्रुवारी २०१६मध्ये दुरुस्तीनंतर फ्लाइंग स्कॉट्समन लंडनहून यॉर्कला निघालं, तेव्हा फोटोसाठी लोक रुळांवर आल्यामुळे त्याला वाटेत थांबावं लागलं. त्याच्या मागच्या गाड्यांमध्ये रोजचे प्रवासी बसलेले होते. त्यांनी वाफेवर प्रेम का करावं?

आपल्याला याचं काय?

कोणी म्हणेल, साहेब, ब्रिटनच्या हौशी लोकांचं भांडण आम्हाला कशाला सांगता? सांगतो.

जुनं आहे म्हणून नियम नको, हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. मिरवणूक असो, दहीहंडी असो, ताबूत असो, उरुसातली गर्दी असो, सुरक्षेचा विषय काढला की ‘बापजाद्यांपासून चालत आलंय’ हे उत्तर तयार असतं. चालत आलेल्या गोष्टीत कोण जायबंदी झालं, याची वही कोणी ठेवत नाही.

शिवाय गाडीच्या उघड्या दाराचा अर्थ मुंबईकराला वेगळा समजतो. ९ जून २०२५ला मुंब्रा आणि दिव्याच्या दरम्यान गच्च भरलेल्या लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतले काही जिवाला मुकले. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या लोकलची चर्चा जोरात सुरू झाली. तशी दारं असलेली पहिली एसी लोकल पश्चिम रेल्वेवर डिसेंबर २०१७मध्येच आली होती. मुंब्रा, कुर्ला, गोवंडीहून कामाला निघणाऱ्या माणसासाठी उघडं दार ही हौस नाही, नाइलाज आहे. ज्याला बंद दाराची गाडी परवडते आणि मिळते, त्यालाच उघड्या दाराची गंमत वाटते. म्हणून ब्रिटनमधला कोणी उघड्या दाराला वारसा म्हणतो तेव्हा मला राग येतो.

आणि वारशाच्या गाडीबद्दल बोलायचं तर आपल्या घरातलं उदाहरण आहे. नेरळ-माथेरानची छोटी रेल्वे. सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या बोहरा उद्योगपतीच्या घराण्याने स्वतःचा पैसा घालून ती बांधली. मुलगा अब्दुल हुसेन याने ते काम तडीस नेलं आणि १९०७मध्ये गाडी सुरू झाली. तिचे रूळ दोन फुटी, खालच्या मुख्य मार्गाचे साडेपाच फुटी, त्यामुळे तिथे मुख्य मार्गावरची गाडी वर चढू शकत नाही. नेरळला उतरून डबा बदलावाच लागतो. तरी धडा तोच आहे. मे २०१६मध्ये डबे घसरण्याच्या घटना घडल्या आणि गाडी बंद केली गेली. तेव्हाही ‘माथेरानची शान बंद पाडली’ अशी ओरड झालीच. पण मधल्या काळात डब्यांना एअर ब्रेक लावले, धोक्याच्या जागी कठडे घातले आणि टप्प्याटप्प्याने गाडी पुन्हा चालू झाली. पीरभॉयच्या वारशाला त्या ब्रेकने कमीपणा आला नाही. ब्रेक नसते तर वारसा दरीत गेला असता.

मग काय करावं?

वाफेच्या मित्रांना माझं सांगणं चार गोष्टींचं आहे.

मुख्य मार्गावर येणाऱ्या प्रत्येक डब्याच्या दाराला मध्यवर्ती कुलूप हवं. ज्याला ते नको, त्याने आपला डबा २५ मैलांच्या शाखेवर खुशाल चालवावा. तिथे कोणी अडवत नाही.

खर्चाचं कारण पुढे करू नये. इंजिनाच्या पितळेला चकाकी आणायला देणगी मिळते, रंगाच्या अचूक छटेवर महिनोन्‌महिने वाद होतात, तर कुलपासाठीही देणगी मागता येईल. वारसा जपायला पैसा देणाऱ्या संस्थांनीही ब्रेक, कुलूप आणि सिग्नल यंत्रणा हा वारसा जपण्याचाच खर्च धरावा. छोट्या संस्थांना खरोखर परवडत नसेल, तर सवलत पैशांत द्यावी, सुरक्षेत देऊ नये.

सुरक्षा यंत्रणा किती वेळा बंद करावी लागली, का केली, लाल सिग्नल किती वेळा ओलांडला गेला, याचा हिशेब प्रत्येक कंपनीने दरवर्षी उघडपणे मांडावा. प्रवासी तिकिटाला भरभक्कम पैसे मोजतो. हे जाणून घ्यायचा त्याला हक्क आहे.

आणि सांध्यावरची जबाबदारी कोणाची, हे गाडी निघण्याआधी स्पष्ट असावं. मुख्य मार्गाची माणसं आणि वारसा रेल्वेचे स्वयंसेवक जिथे एकमेकांच्या हातात गाडी देतात, तिथे ओळखीवर आणि मैत्रीवर काम चालू नये.

ब्लूबेलच्या लोकांनी कचऱ्याचा डोंगर उपसून मुख्य मार्ग गाठला. स्वानेजच्या लोकांनी उखडलेले रूळ परत टाकले. इतकी मेहनत करून मिळवलेला सांधा एका न लावलेल्या कुलपापायी गमवायचा का, याचं उत्तर चाहत्यांनी द्यायचं आहे. नियामकाला शिव्या घालून ते देता येणार नाही.